पाच डिग्रीची सही

गोदामातले हमाल तिला पाठीमागे ‘पाच डिग्री’ म्हणायचे. तोंडावर काहीच म्हणायचे नाहीत, कारण तेवढी कोणाची छाती नव्हती. परदेशातून येणारं ताजं चीज पाच डिग्रीच्या वर गेलं की तिच्या लेखी ते मेलं. मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप! बाप आता हयात नव्हता, आणि मालक म्हणजे तिचाच धाकटा दीर.

बाई जात्याच तिखट. चाळिशी उलटल्यावर तिने अन्नसुरक्षेची परीक्षा द्यायची म्हटली तेव्हा घरात काय हशा पिकला! “वहिनी आता चीजला ताप आलाय का बघणार,” असं दीर घास चावता चावता म्हणाला, आणि नवरा, मेला, त्याच्याबरोबर हसला. ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग हाच दीर साखरेसारखा गोड झाला, कारण आलेल्या प्रत्येक मालावर परवाना असलेल्या माणसाची सही लागते, आणि बाहेरचा माणूस फुकट थोडाच येतो? घरची वहिनी बरी. दोन वेळचं जेवण तिला मिळतं, आणि तेही तीच रांधते.

मंगळवारी दुपारी माल आला. तिने एका डब्यात थर्मामीटरची सळई खुपसली. तीन डिग्री. उत्तम. पण पुठ्ठ्याची खोकी हाताला नरम लागत होती आणि कडांवर वाळलेल्या पाण्याचे डाग होते. थंड खोकं उबेत गेलं की त्याला घाम फुटतो. ते पुन्हा गार करता येतं, डाग मात्र जात नाहीत.

“काय चाचपताय वहिनी? कापड घ्यायला आलात का?” दीर मागून म्हणाला.

“मालाला घाम फुटलाय, भाऊजी.”

“घाम मला फुटलाय! गाड्या खोळंबल्यात. निम्मा माल बाळंतपणाच्या दवाखान्यात जायचाय. डबीचं रेकॉर्ड बघा आणि करा सही.”

ही डबी काडेपेटीएवढी असते. डेअरीतून निघताना ती मालात ठेवतात, आणि वाटेत दर दहा मिनिटांनी ती तापमान टिपून घेते. तिचा नंबर मालाच्या कागदावर असतो. नंबर जुळत होता. ऑफिसात येऊन तिने डबी कॉम्प्युटरला जोडली. पाच दिवसांची रेघ पडद्यावर आली. पाचाच्या वर कुठेही नाही.

तिने पेन उघडलं. आणि हात तसाच थांबला.

रेघ सरळ नव्हती. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती जराशी उचलायची. मग साडेबाराला. मग चारला, आणि संध्याकाळी आठला. पाचही दिवस तेच. विमानात चहा कोण करतं हो? आणि रविवारी दहा वाजता तर रेघ थेट चार पूर्णांक नऊवर चढली होती.

रविवारी दहा वाजता तिने घरचा फ्रीज पुसायला काढला होता. खालच्या फळीवर मागच्या बाजूला दिराचा एक पत्र्याचा डबा होता. “औषध आहे वहिनी, हात लावू नका,” असं त्याने बजावलं होतं. तिने लावला होता हात. डबा ओट्यावर ठेवला, फळी पुसली, डबा परत आत.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“भाऊजी, औषध संपलं का तुमचं?”

“कसलं औषध?”

“फ्रीजमधलं. रविवारी मी बाहेर काढलेलं. हे बघा, इथे दिसतंय.”

दिराने पडद्याकडे पाहिलं आणि ऑफिसचं दार लावून घेतलं.

“मागच्या खेपेला तुम्ही माल नाकारलात. म्हणून या वेळी आधीच सोय करून ठेवली,” तो म्हणाला. “माल विमानतळावर सहा तास उन्हात पडला, त्यात माझा काय दोष? खरी डबी तेरा दाखवत होती. दिली फेकून, आणि कागदावर फ्रीजमधल्या डबीचा नंबर घातला. आता माल गार आहे ना?”

“गार आहे. पण उन्हात वाढलेले जंतू गारठ्याने मरत नाहीत. एखादीचं पोटातलं मूल गेलं तर?”

“डॉक्टरीण कधी झालात? सही करा. घर माझ्या नावावर आहे, वहिनी. विसरू नका.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो शेजारच्या टेबलावर बसून मालाचे कागद लावत होता. कागदांतून मान न काढता तो म्हणाला, “कर की सही. उगाच कशाला वाकड्यात शिरतेस?”

काय हा माणूस! बावीस वर्षं संसार केला याच्याशी.

तिने रेघेचा कागद छापून घेतला. पेनाने एकेका उंचवट्यापाशी लिहिलं: चहाचं दूध. दुपारचं दही. पुन्हा दूध. रात्रीची भाजी. रविवार: फळ्या पुसल्या. मग दोघांच्या देखत अन्न खात्याला फोन लावला.

तपासनीस तासाभरात आला. थंड डोळ्यांचा, कोणावर विश्वास नसलेला माणूस. त्याने कागद दोनदा वाचला.

“हे इतकं नेमकं तुम्ही कशावरून सांगता?”

“त्या फ्रीजचं दार मीच उघडते, साहेब. दुसरं कोणी उघडतच नाही.”

“लेखी द्याल? चौकशी संपेपर्यंत तुमचाही परवाना अडकेल. डबी तुमच्याच घरात होती.”

दीर हसला. हसायचीच वेळ होती त्याची. त्या परवान्यापलीकडे बाईच्या नावावर या जगात काही नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“द्या कागद,” ती म्हणाली, आणि तिने सही केली.

मालाला सील लागलं. “महिनाअखेर घर रिकामं करा,” दीर सगळ्या हमालांसमोर ओरडला. नवरा त्याच्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावर बसून होती. बहिणीकडे जायची बॅग पायाशी भरलेली.

“अगं, दूध कुठाय?” नवरा स्वयंपाकघरातून ओरडला.

“फ्रीजमध्ये. दार उघडता येतं ना?”

तिने घड्याळ पाहिलं. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि फ्रीजचं दार अजून कोणी उघडलं नव्हतं.