मेणबत्तीनं काढलेला माणूस

रत्नमाला खरात हिचं एक ठाम मत होतं. चित्र येत नाही असा माणूस जगात नसतो, फक्त त्याला लहानपणी कुणीतरी रागावलेलं असतं. बाईनं सगळी नोकरी बालवाडीत काढलेली. रिटायर झाल्यावर गुडघे चोळत घरी बसायचं सोडून तिनं औरंगपुऱ्यात वह्यांच्या दुकानावरची एक खोली मिळवली आणि दर रविवारी सकाळी मोठ्या बायकांचा चित्रांचा वर्ग सुरू केला. अट एकच होती, येणारीला चित्र काढता येता कामा नये.

भेंडी आडवी कापून रंगात बुडवायची आणि ठसे मारायचे, झाली फुलं. दोरा रंगात भिजवून कागदाच्या घडीत ठेवायचा आणि ओढायचा, उघडलं की ज्याला जे दिसेल ते. शाईचा थेंब टाकून नळीनं फुंकर मारली की झाड. कन्नड गावाहून मुलाकडं राहायला आलेल्या वच्छलाबाईंनी पहिली फुंकर मारली तेव्हा शाई शेजारणीच्या साडीवर गेली आणि भांडण मिटवायला सगळ्यांना चहा पाजावा लागला. असा तो वर्ग.

सगळ्यांचा लाडका खेळ मेणबत्तीचा होता. शनिवारी दुपारी रत्नमाला पांढऱ्या कागदांवर पांढऱ्या मेणबत्तीनं मासा, पतंग, हत्ती असलं काहीबाही काढून ठेवी. पांढऱ्यावर पांढरं, दिसत काहीच नाही. रविवारी बायकांनी त्या कोऱ्या कागदावर पातळ रंग फिरवायचा. मेणावरून रंग ओघळतो, बाजूला पसरतो आणि लपलेलं चित्र वर येतं. साठीच्या बायका त्यावर लहान पोरींसारख्या खिदळत.

त्या रविवारी वच्छलाबाईंनी निळा रंग फिरवला. त्यांच्या कागदावर मासा होता. रत्नमालाला चांगलं आठवत होतं, शेपटी काढताना मेणबत्ती मोडली होती. पण निळ्यातून वर आला तो माणूस. पाठमोरा, चालत निघालेला. एक खांदा उतरलेला आणि त्याच खांद्याला पिशवी.

"ह्यो कोन हाय वं बाई?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"असाच एक," रत्नमाला म्हणाली. 

तो खांदा तिनं जन्मभर पाहिला होता. तिचा नवरा राजकुमार दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंगाचे डबे वाहून वाहून त्याचा खांदा उतरलेला. फ्लेक्स आले तसं काम आटलं, तरी जुन्या ओळखीवर तो हिंडायचा. मागच्या हिवाळ्यात शहागंजात शिडीवर असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि खाली उतरवला तो गेलेलाच.

त्या सकाळी दोघांचं वाजलं होतं. कारण विचाराल तर हसाल, भेंडी. रत्नमालानं वर्गासाठी भेंड्या निवडून ठेवल्या होत्या आणि तो म्हणाला, "मी जिंदगी घातली तवा एक अक्षर सरळ आलं. तुम्ही भेंडीनं चित्रं काढता व्हय? भाजी करा तिची." हे तिला लागलं. तीही मग आटलेल्या कामावरून नको ते बोलून गेली. रोज ती पायरीवर उभी राही, राजकुमार गल्लीच्या कोपऱ्यावर वळून हात करायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. त्या दिवशी त्यानं वळून पाहिलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगे, रागातच गेले, वळूनसुद्धा बघितलं नाही. नवरा गेल्याचं दुःख माणूस कसंतरी गिळतं. तो रागावून गेला हे तिला गिळता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी बँकेत नोकरी करणाऱ्या मेघाच्या कागदावर पतंग होता. हिरव्या रंगातून पुन्हा तोच माणूस आला. या वेळी त्याचा एक कान दिसत होता. कानामागं खोचलेला ब्रशही होता.

"बाई, किती हुबेहूब काढलंय," मेघा म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा जरासा वळलाय ना हा?"

रत्नमालानं घरी येऊन मेणबत्त्यांचा डबा ओट्यावर ओतला. बुद्धविहारातले उरलेले तुकडे, लाइट जायच्या वेळचे, वाढदिवसाचे, बालवाडीच्या बाईला काही टाकवत म्हणून नाही. त्यांत एक जाड तुकडा होता. राजकुमार गेल्यावर घरी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, त्याच्या फोटोशेजारी लावलेल्या मेणबत्तीचा. पाहुणे जेवून निघाले, वारा सुटला, आणि तिनं ती चिमटीनं विझवून ठेवून दिली होती. दोन्ही कागद याच तुकड्यानं केलेले.

तिनं नणंदेला, सत्यभामाला, फोन लावला.

"वन्सं, त्या दिवशीची मेणबत्ती मी अर्धी जळल्यावरच विझवली होती."

"वहिनी, मी म्हनलं नव्हतं का, तिला जळू द्या म्हनून? तिचं ती इझंल." मग सत्यभामानं विचारलं, "काऊन? काही झालं का?"

"काही नाही," रत्नमाला म्हणाली. काय सांगणार? भूतबीत काही नसतं, हे तिनं पिढ्यान् पिढ्या पोरांकडून घोकून घेतलेलं. अंगात येणाऱ्या शेजारणीला तिनं भर गल्लीत झापलं होतं. आता स्वतःच्याच स्वयंपाकघरात त्या तुकड्याकडं पाठ करायची तिची हिंमत होईना. आणि खरं सांगायचं तर भीतीहून मोठी दुसरीच गोष्ट होती. तो वळत होता. पुरता वळला की त्याचं तोंड दिसणार होतं, आणि त्यावर राग आहे की नाही ते कळणार होतं.

तिनं त्या तुकड्यानं मासा काढला, कागद खिडकीशी तिरपा धरून पाहिला. मासाच होता. रंग फिरवला. मासाच आला. तिच्या हाताला तो येत नव्हता, त्याला परकाच हात लागत होता. तिला रडू आलं आणि रागही आला, मेल्यावरही माणसानं रुसावं म्हणजे काय.

मग ती रविवारची वाट पाहू लागली. पुढच्या खेपेला वच्छलाबाईंच्या जांभळ्या रंगातून गाल आला, नाकाचं टोक आलं, पापणी आली. खोलीतल्या पंख्यानं सगळ्यांचे कागद फडफडत होते. तो एकच कागद हलत नव्हता. बायकांचं हसणं हळूहळू थांबलं.

"बाई, ह्यो तुमच्या लई जवळचा मानूस हाय," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "वळायलाय बगा. कुनाला तरी बघायलाय."



तुकडा आता नखाएवढा उरला होता, एका कागदापुरता. शनिवारी तिनं चित्र असं काढलंच नाही. डोळे मिटले आणि मेण संपेपर्यंत हात फिरू दिला. रविवारी तिनं तो कागद वच्छलाबाईंपुढं ठेवला. म्हातारीनं काही न विचारता ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि वरून खाली सावकाश फिरवला.

माणूस आला नाही.

आली एक गल्ली, लांबून पाहिलेली. दोन्ही बाजूंना भिंती, टोकाला दोन पायऱ्यांचं घर. घराचं दार बंद. पायरीवर कुणी नाही.

"मानूस कुटं गेला?" वच्छलाबाईंनी विचारलं. "हे तर नुसतं घर हाय. दार लावलेलं."

रत्नमाला कागदापुढं बसली. घर तिचंच होतं. कोपऱ्यावर उभं राहून मागं वळलं की ते असंच दिसतं.

आणि मग तिला ती सकाळ होती तशी आठवली, लोकांना सांगून सांगून झालेली नव्हे. राजकुमारनं पायऱ्या उतरल्या. तो कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत ती आत वळली होती. दार तिनं आपटून लावलं होतं, इतकं जोरात की वरची कडी आपोआप पडली. तो वळला की नाही हे तिनं बघितलंच नव्हतं. तिच्याशिवाय ते बघायला गल्लीत कोण होतं?

"वळले होते," ती म्हणाली. "हे वळले होते वच्छलाबाई. मीच दारात नव्हते."

 मेघानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो तिनं घेतला नाही. तिनं वच्छलाबाईंच्या हातातून ब्रश घेतला, लाल रंगात बुडवला आणि त्या बंद दारापाशी, पायरीवर, एक बाई काढायला लागली. दारावर आणि पायऱ्यांवर मेण दाट होतं. साडीचा रंग ओघळून खाली गेला. तिनं पुन्हा ब्रश बुडवला. डोकं काढलं, तेही ओघळलं. वर केलेला हात काढला, तो थेंब होऊन कागदाच्या कडेवरून तिच्या मांडीवर पडला. बायका उठून आपापल्या पिशव्या भरू लागल्या तरी ती काढतच होती.