गांधारीकाठची बारा घरं

रमजान हा नगरपालिकेचा शिपाई. सभा असली की खुर्च्या मांडायच्या, सूचनेचे कागद मेंबरांच्या घरोघर पोचवायचे, चहा आणायचा आणि मग दाराशी स्टुलावर गप्प बसायचं. अकरा वर्षांत सभागृहात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्याआधी तो होडीवाला होता. बाप जुल्फिकार गांधारी नदीतून उतारू पलीकडे न्यायचा, त्याच्यामागे रमजानने वल्हं हातात घेतलं. पुढे पूल झाला, होडी काठाला कुजली, आणि महाडातल्या एका भल्या माणसाने त्याला पालिकेत चिकटवून दिलं.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात सभेपुढे तीन विषय आले. बाजाररस्ता डांबरी करून त्याचा खर्च रस्त्याकाठच्या घरांवर दर्शनी रुंदीप्रमाणे पट्टी बसवून काढायचा, हा पहिला. टेकाडावरच्या उजाड बागेला कुंपण, नळ आणि बाकं द्यायची, हा दुसरा. तिसरा, पालिकेच्या नोकरांसाठी बारा घरं बांधायची. पट्टीवरून दुकानदार मेंबर दोन तास भांडले. मुरारीशेठ म्हणाले, “माझं दुकान रुंद आहे हा काय माझा गुन्हा?” बागेवरही बरंच बोलणं झालं. घरांवर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. नदीकाठचं खालचं शेत पालिकेच्याच मालकीचं, सपाट आणि गावाला लागून होतं.

पुण्याहून नवीन आलेल्या दत्ताराम ओव्हरसियरने टेबलावर नकाशा पसरला. “रमजान, कोपरा धर.”

रमजानने कोपरा धरला. कागदावर बारा चौकोन ओळीने आखलेले होते. मागे नदीची निळी रेघ होती. त्याच्या बोटांना घाम सुटला आणि कागदावर ओला ठसा उमटला.

“शेताला पुराचं पाणी लागतं म्हणतात,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष पेशाने वकील होते, हळू बोलणारे.

“गुडघाभर येतं, साहेब,” दत्ताराम म्हणाला. “तीन फुटांचं जोतं घेऊ. शिवाय आता नदीला बांध आहे.”

विषय पुढच्या सभेत मंजूर करायचा ठरला. कारकुनाने घरं मिळणाऱ्यांची नावं वाचली. सातवं नाव रमजानचं होतं.

घरी शरिफाला ही बातमी त्याच्याआधीच कळली होती. तांबटाच्या भट्टीमागच्या एका खोलीत ती दोघं आणि नऊ वर्षांची परवीन राहत. भट्टीच्या धुराने पोरगी बारा महिने खोकायची. शरिफाने चूल कुठे मांडायची, मोरी कुठे काढायची, सगळं मनात बांधून टाकलं होतं.

“खिडकी नदीकडं ठेवाया सांगा,” ती म्हणाली. “पोरीला वारा लागंल.”

रमजानच्या हातातला घास ताटात पडला. “काय झालं?” तिने विचारलं. तो म्हणाला, काही नाही.

झालं होतं ते तीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. श्रावणात चार दिवस पाऊस उघडला नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी पुढची मोठी नदी सावित्री फुगून तिला मिळणारी गांधारी उलटी फिरली. खालच्या शेतात तेव्हा हैबती नावाच्या कुळाचा गोठा होता. बायकोला लेकरांसह गावात पाठवून हैबती गुरं सोडायला मागे राहिला आणि अडकला. बापलेकांनी होडी घातली. शेतावरून जाताना जुल्फिकारने दोन पुरुष उंचीचा वासा पाण्यात सोडला, तो तळाला टेकला नाही. करंजाच्या फांदीला हैबती मिठी मारून होता. रमजानने होडीतून वाकून त्याचा हात धरला. होडी कलली, तो घाबरला, आणि आपणच पाण्यात जाऊ या भीतीने त्याने मूठ सोडली. हात निसटला नव्हता. त्याने सोडला होता. हे बापाने पाहिलं होतं.

काठाला आल्यावर जुल्फिकारने गावाला सांगितलं, “धार लय होती. होडी शेतापातूर गेलीच नाय.” मग पोराला एकटं गाठून म्हणाला, “हे कुनाला बोलायचं नाय.” रमजान कधी बोलला नाही. हैबतीची बायको प्रयागबाई आता पंचावन्नची झाली होती. अजूनही त्याच शेताच्या कडेला भाजीचे वाफे करून ती बाजारात बसायची. रमजान तिच्याकडून कधी भाजी घ्यायचा नाही. लांबून वळून जायचा.

पुढच्या सभेपर्यंत त्याला धड झोप लागली नाही. डोळे मिटले की बारा घरं दिसायची, आणि सातव्या घराच्या खिडकीतून परवीन हात बाहेर काढायची. त्याने एकदा शरिफाला सांगून पाहिलं की ती जागा खोलगट आहे. ती म्हणाली, “बाकीच्या अकरा जनांना दिसत नाय, तुमालाच दिसतं? नको म्हनलात तर कायमचं नको होईल.”

सभेच्या दिवशी त्याने चहाचे कप मांडले. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि “मंजूर?” असं विचारलं. रमजान स्टुलावरून उठला.

“साहेब, तिथं घरं नकोत.”

सगळे वळून पाहू लागले. कारकून “बस खाली” म्हणून पुटपुटला. अध्यक्षांनी हात वर करून त्याला थांबवलं. “का रे?”

“पानी दोन पुरुष चढतं तिथं. मी बघितलंय. होडीतनं वासा सोडला, तो तळाला लागला नाय.”

मुरारीशेठ हसले. “अरे, तुझा बाप तर जन्मभर सांगत होता की होडी शेतापर्यंत गेलीच नाही. मी स्वतः ऐकलंय. तो खोटा की तू खोटा?”

खोलीत हसणं पसरलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, “ठराव आठ दिवस थांबवू. कुणी दुसरा साक्षी असेल तर घेऊन ये.”

साक्षी एकच होती. त्या शेतात तेव्हा राबलेलं दुसरं कुणी हयात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाफ्यांपाशी गेला. प्रयागबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तो समोर उकिडवा बसला आणि तिच्याकडे न बघता सगळं बोलून गेला. बापाचं खोटं सांगितलं, आणि मूठ कुणी सोडली तेही सांगितलं.

प्रयागबाईचे हात थांबले. ती नदीकडे बघू लागली. तो वाट बघत होता की ती ओरडेल, माती फेकेल, गाव गोळा करेल.

“मला वाटायचं, त्यो एकलाच गेला,” ती अखेर म्हणाली. “कुनी आलंच नाय त्याच्याकडं.”

“आलो व्हतो, काकी.”

“तू पोर व्हतास.” एवढं बोलून तिने पुन्हा जुडी उचलली, आणि तिला गाठ बसेना. “मी तुला माफ केलं असं समजू नको. ते मला जमंल का नाय, ठावं नाय. सायबाला कदी आनतोस ते सांग.”

दोन दिवसांनी अध्यक्ष, दत्ताराम आणि चार मेंबर शेतात आले. करंज अजून उभा होता. प्रयागबाईने बुंध्याला हात लावला आणि वर बोट केलं. “ती दोन फांद्यांची दुबेळकी दिसते ना? पानी उतरल्यावर माज्या गोठ्याच्या छपराचा आडा तिथं अडकला व्हता. मी माज्या डोळ्यांनी बघितला. आनि यांची होडी इथवर आलती. रमजान खरं बोलतोय. त्याचा बाप खोटं बोलला, पोराच्या मायेनं.”

होडी आली होती तर माणूस का वाचला नाही, हे कुणी विचारेल म्हणून रमजानने मान खाली घातली होती. कुणी विचारलं नाही. दत्तारामने टेप वर धरवून मोजलं. साडेअकरा फूट भरले. त्याचा चेहरा उतरला. “माझ्या जोत्याच्या वर साडेआठ फूट,” तो स्वतःशीच म्हणाला.

ठराव बदलला. घरं टेकाडावर बागेच्या जागी, आणि बाग खाली नदीकाठी. टेकाडावर जागा कमी, म्हणून बाराऐवजी सातच घरं. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा रमजानचं नाव निघालं नाही. शरिफा दहा दिवस त्याच्याशी बोलली नाही. रस्त्याची पट्टी तेवढी जशीच्या तशी मंजूर झाली, आणि सभेतलं आपलं बोलणं खोटं पडलं म्हणून मुरारीशेठ रमजानला दुकानाच्या पायरीवर उभं करीनासे झाले.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. पूर आलाच नाही. पोरं खालच्या बागेत बाकांवर खेळायची, आणि लोक त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, “आमच्या शिपाईबुवांचं पाणी कुठं अडलं?” रमजान आभाळाकडे बघत राहायचा. पाणी यावं असं त्याच्या मनात यायचं, आणि आपण काय मागतोय हे कळून तो दचकायचा. तिसऱ्या वर्षी श्रावणात पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी गांधारी उलटी फिरली. बांध फुटला नाही, पाणी त्याच्यावरून आलं. तासाभरात बाकं गेली, मग कुंपण, मग नळाचा खांब. सगळं गाव टेकाडावर उभं राहून बघत होतं. सात घरांच्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा पाणी पोचलं नाही.

कुणीतरी रमजानच्या पाठीवर थाप मारली. त्याला ती कळली नाही. त्याने परवीनचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की ती रडू लागली.

“बा, सोड ना, दुखतं,” ती म्हणाली.

त्याने सोडलं नाही. शरिफा शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही मुलीला सोडवलं नाही.