आमच्या बैलाच्या कपाळावरचा क्रूस

कॉलेजात असताना, अमरावतीच्या वसतिगृहात, पुण्याकडून आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "तान्ह्या पोळ्याशी तुमचा काय संबंध? तुम्ही तर ख्रिश्चन."

मी म्हटलं, "तू कधी लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरली आहेस?"

ती नाही म्हणाली.

"मी फिरले आहे. आणि त्यापायी एक वर्ष चर्चमध्ये बाकावर बसून राहिले आहे."

तिला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर होता, म्हणून मीही सांगत बसले नाही. आता सांगते.

पोळा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याच्या गळ्यात दोरी, आणि पोरांनी सोंग घ्यायचं. कोणी शेतकरी होतो, कोणी पोलीस, कोणी नऊवारीतली सासू. मग बैल घेऊन दारोदार जायचं. घरची बाई बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि पोराच्या ओंजळीत बोजारा टाकते. बोजारा म्हणजे रेवड्या, बत्तासे, लिमलेटच्या गोळ्या, कुठे खारीक. बस, एवढाच सण. यात पोथी नाही, उपास नाही, भटजी नाही. मोठा पोळा बैलांचा, तान्हा पोळा पोरांच्या तोंडाचा.

अमरावतीला होतो तोवर आम्ही मिशनच्या आवारात राहायचो. माझे आजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तिथूनच आमच्या घरात हा धर्म आला. आवारात सगळेच कॅथलिक. तान्हा पोळा भिंतीपलीकडून ऐकू यायचा, नुसता कालवा. मग बाबांना अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम लागलं आणि आम्ही मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका गल्लीत राहायला गेलो. भिंत गेली. आता पोळा दारातून जाणार होता.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. गल्लीतल्या पोरी मला अजून खेळायला घेत नव्हत्या, 'फादरवाली' म्हणायच्या. पोळ्याच्या आधी आठवडाभर त्यांच्यात एकच बोलणं, कोणाचा बैल केवढा आणि कोण काय होणार. एक दिवस त्यातली एक मला म्हणाली, "तुमच्यात बैल नसते न वं?"

मी घरी येऊन आईला म्हटलं, "मले बैल पाह्यजे."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. ती म्हणाली, "जाशील तं जा. पण आरती घ्यायची नाही, पाया पडायचं नाही, आन् देवापुढचा नैवेद्य कोनी देला तं खायचा नाही. गोळ्या खा. गोळ्यायले धर्म नसते."

"आन् कुंकू?"

आता लाटणं थांबलं. कुंकवाचं काय करायचं, हा खराच प्रश्न होता. बैल दारात गेला की बाई कुंकू लावणारच. नको म्हटलं तर त्या बाईचा अपमान. लावू दिलं तर मास्तर.

मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षणाचे मास्तर, मागच्याच आळीत राहायचे. मी त्या वर्षी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे वेदीपाशी जाऊन पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीच्या वर्गात होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला आम्हा मुलांना पहिलं कम्युनियन मिळणार होतं. पांढरा झगा, डोक्यावर जाळीचा पदर, हातात मेणबत्ती. अख्ख्या लहानपणात मला याहून मोठं काही हवं नव्हतं. फादर परदेशी होते, त्यांना मराठी जेमतेम यायचं, म्हणून कोण तयार आणि कोण नाही हे मास्तरच ठरवायचे.

तोडगा आईनंच काढला. बाबांनी जिनिंगमधल्या खोक्याच्या फळ्यांतून बैल केला होता. चांगला वशिंडाचा, ताठ शिंगांचा, गल्लीतल्या सगळ्या बैलांपेक्षा वरचढ. आई त्यांना म्हणाली, "याच्या कपाळावर पांढरा क्रूस काढा. मोठा काढा. जागाच भरली म्हन्जे कुंकू कुठी लावतीन बाया?"

बाबांना पटलं. मलाही पटलं. यात काही चुकतंय हे आम्हा तिघांत एकालाही सुचलं नाही. ही चूक फक्त आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकते. क्रूस दिसला की लोक दूर राहतात, असं मिशनच्या आवारात राहून आम्हाला वाटायला लागलं होतं.

तान्ह्या पोळ्याला मी शेतकरी झाले. बाबांकडे धोतर कुठलं? ते खाकी पँट घालणारे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरातलं धोतर दिलं आणि कोळशानं मला मिशा काढल्या. काकू बौद्ध होत्या, त्यांचे यजमान कचेरीत नोकरीला. त्यांनी आदल्याच वर्षी की त्याच्या आदल्या, देव सोडले होते. आई त्यांना म्हणाली, "तुमचा पोरगा जाते का बैल घेऊन?"

"जाते नं. देव सोडले, बैल थोडीच सोडला आमी."

पहिलं घर कोपऱ्यावरच्या आजीचं. गावाकडे काळी जमीन, दारात खरे बैल, गल्लीत तिचा शब्द. मी बैल उभा केला. आजी वाकली, तिनं क्रूस पाहिला.

"हे काय होय वं?"

"आमच्या देवाचं आहे," मी म्हटलं.

"देवाचं?" आजीनं आत हाक मारली, "अवं, मोठं ताट आन! हे फादरवाल्यायचा बैल आला, त्याच्या कपायावर देवच बसून हाय!"

मग तिनं क्रुसाच्या बरोबर मधोमध कुंकू लावलं. हळद लावली, अक्षता टाकल्या, कापसाची माळ घातली, ओवाळलं आणि बैलाला दोन्ही हात जोडले. दुसऱ्या पोरांच्या बैलांना ती नुसतं बोट लावून सोडत होती. मला रेवड्याही दुप्पट मिळाल्या. पोरींनी ते पाहिलं. पुढच्या घरी त्या माझ्या आधीच पळत गेल्या आणि ओरडल्या, "देववाला बैल येऊन राहिला, देववाला!" गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो क्रूस दिसेना, नुसतं लाल झालं. मला कळत होतं की काहीतरी उलटं होऊन बसलं आहे, पण धोतराचा ओचा बोजाऱ्यानं भरला होता आणि फादरवाली म्हणणाऱ्या पोरी माझ्या बैलाची दोरी धरायला भांडत होत्या. मी काय म्हणून थांबू?

गल्लीच्या तोंडाशी मास्तर सायकलवरून उतरले. त्यांनी बैलाकडे पाहिलं, माझ्या मिशांकडे पाहिलं. सायकल हातात धरून ते माझ्यामागे आमच्या घरी आले.

"बाई," ते आईला म्हणाले, "क्रुसाला कुंकू? आरती?"

आईनं बैल पाहिला आणि कपाळाला हात लावला. तिनं त्यांना सगळं सांगितलं, क्रूस का काढला तेही.

मास्तर म्हणाले, "आपल्या आजोबा-पणजोबांनी हे सोडलं तेव्हा लोकांनी त्यांचं पाणी तोडलं, बाई. मी ते ऐकत मोठा झालो. हिनं आज संध्याकाळच्या आत घरोघर जाऊन सगळा बोजारा परत करावा आणि सांगावं की आमच्यात हे पाप आहे. मग मी कम्युनियनचं बघतो."

"परत?" आई म्हणाली. "मास्तर, बायायनं पोरीच्या वटीत टाकलेलं परत नेऊन देऊ? हे तं त्यायच्या दारात थुंकनं झालं."

"मग या वर्षी हिचं कम्युनियन नाही."

"त्यायनं क्रुसाची बेइज्जत केली का, सांगा. हात जोडले. चूक झाली तं माही झाली. क्रूस मी काढाले लावला. पोरगी परत देनार नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

मी झग्याचा विचार करत होते. पण आजीच्या दारात जाऊन तिच्या रेवड्या तिच्यापुढे ओतणं मला डोळ्यांसमोर आणताच येईना. मी मान हलवली. नाही.

आई रविवारी फादरांकडे जाऊन आली. फादर म्हणाले, मास्तर सांगतील तसं. ऑक्टोबरात माझ्या वर्गातली सगळी मुलं मेणबत्त्या घेऊन वेदीपाशी गेली आणि मी आईशेजारी बसून राहिले. पुढचं वर्षभर दर रविवारी तेच. सगळे उठायचे, मी बसायची. माझ्याहून लहान पोरं रांगेतून वळून बघायची. एकीनं विचारलं, "तू कोणतं पाप केलंस?" मी म्हटलं, "बैल नेला." तिला वाटलं मी कोणाचा तरी बैल चोरला.

मास्तरांचा राग मला समजत होता, पण त्यांचं चुकत होतं. हे मी मोठेपणी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथे लिहायला भीत नाही.

पुढचा पोळा जवळ आला तेव्हा मला वाटलं, आता बैलाचा विषय घरात निघायचा नाही. आईनंच काढला. बाबांना म्हणाली, "घासा तो क्रूस. कपाय बैलाचं होऊ द्या." मला म्हणाली, "जाशील तू. आपन चोर नाही लपून बसाले."

"आन् कुंकू?" हा माझा प्रश्न वर्षभर जुना झाला होता.

शेजारच्या काकू ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी मी पोराच्या बैलाले कुंकू नाही लावत. ज्वारीचे दाने चारते, गूळ चारते. कमावता जीव हाय, त्याले चारायले कोनता देव लागते? तुमी तसंच सांगा ना सगळ्यायले."

"रागावतीन बाया."

"न सांगता तोंड वाकडं केलं तं रागावतीन. सांगून पाहा."

आई आधी कोपऱ्यावरच्या आजीकडे गेली. मी मागे उभी. आई म्हणाली, "मावशी, औंदा आमच्या पोरीच्या बैलाले कुंकू लावू नोका. आरती पन नोको."

"काहून? मागच्या साली इतकं चांगलं केलं होतं मी!"

"त्याच्याचपायी तं पोरीचं कम्युनियन अडलं." आईनं तिला सगळं समजावलं.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग देव काढला कशाले होता वं त्याच्या डोक्यावर? देव दिसल्यावर मी त्याले कोरडाच ठेवू काय?"

"चुकलं आमचं."

"लई अवघड हाय बाप्पा तुमचा देव. आमचा कुठीबी लावा, कायबी लावा, चुप राह्यते." मग माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, "आन तुहा बैल. पुरनाचा घास देतो त्याले. खाईन ना? का त्याचंही पाप हाय?"

"खाईन," मी म्हटलं.

"तं झालं."

आजीनं मानलं म्हटल्यावर गल्लीनं मानलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काकूंनी पुन्हा कोळशाच्या मिशा काढल्या. मी आजीच्या दाराकडे निघाले, तर आईनं दोरी धरली. "पयले मास्तरायच्या घरी."

"आई, ते दार नाही उघडत या दिवशी."

"कडी वाजव."

मागच्या आळीत गेले. माझ्यामागे काकूंचा पोरगा पोलीस झालेला आणि दोन पोरी. दार लावलेलं. मी कडी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. पोलीस म्हणाला, "चाल ना वं, इथं काही नाही भेटत." मी हलले नाही. या दारामागे माझा ऑक्टोबर होता.

मास्तरांनी दार उघडलं. चष्मा नीट करून ते वाकले आणि बैलाचं कपाळ बोटानं पुसून पाहिलं. बोट कोरडं.

"क्रूस?"

"घासला. हा नुसता बैल आहे."

"आणि लोक कुंकू लावतील तेव्हा?"

"नाही लावणार. आईनं सगळ्यांना सांगितलं आहे. दाणे चारतील."

"सगळ्यांना? घरोघर जाऊन?"

"हो."

ते उभे राहिले. मागे त्यांच्या बायकोनं आतल्या दाराचा पडदा जरासा बाजूला केला. पोरी हसायला लागल्या, कारण मास्तर माझ्या मिशांकडे एकटक बघत होते.

मग त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "देवानं तुला कशासाठी निर्माण केलं?"

धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतला हा अगदी सुरुवातीचा प्रश्न. दोन वर्षं घोकलेला. मी धोतराचा सोगा सावरला, दोरी डाव्या हातात घेतली आणि उत्तर म्हटलं. नंतरचा प्रश्न आला. त्याचंही उत्तर म्हटलं. त्याच्यानंतरच्याचंही. पोलीस डोळे मोठे करून ऐकत होता. मास्तर विचारत गेले, मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत गेले, कुठे अडले नाही. शेवटी ते पापनिवेदनापर्यंत आले, "पापाचा पश्चात्ताप म्हणजे काय?" तेही मी सांगितलं. पण पुढं जोडलं, "बोजाऱ्याचा मला पश्चात्ताप नाही, मास्तर."

मास्तरांचे ओठ हलले. मला वाटलं, गेलं हेही वर्ष.

ते आत वळून बायकोला म्हणाले, "ज्वारी आहे का घरात? मूठभर आण." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारी वर्गाला ये. मिशा धुऊन."