केळापूरच्या रांगेतून परत

त्या साली माझी कंबर अशी धरली होती की वाकले तर उठवत नव्हतं आणि उठले तर वाकवत नव्हतं. दुखणं जुनंच. कापसाचे दिवस वाईट चालले होते, भाव पडलेला, बोंडात अळी, मजूर लावणं परवडेना. मग वेचणी घरच्याच हातांनी. पोटाशी फडक्याची झोळी बांधायची आणि ती कापसानं गच्च भरेपर्यंत वाकून तासामागून तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळीमागून ओळ, वेचायचे. पण त्या साली दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. लेक पहिलटकरीण. रीतीप्रमाणे माहेरी यायची, तर विहीणबाईंनी निरोप धाडला की तुमचंच अंग धड नाही, बाळंतिणीचं कोण करेल, पोर इथंच राहू द्या. शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्तच झोंबला. नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालता येत नसेल, तर मी आजी कसली? फार रडले मी तेव्हा.

घाटंजीच्या बाजारात एक जण कंबरदुखीच्या पुड्या विकायचा. पुडी घेतली की कंबर मोकळी व्हायची. तीत काय आहे हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मग नवरात्र आलं आणि केळापूरच्या देवीला नवस बोलले, माय, हे दुखणं मुळासकट ने, मी निरंकार उपास धरते. पाण्याशिवाय तोंडात काही नाही. पुडी मात्र चालूच. पुडी काही अन्न नव्हे, तिनं उपास कसा मोडेल? आमच्याकडच्या कितीतरी बायका असंच समजतात. पोटात आग पडायची, तर ती मी देवीची परीक्षा मानली. वा रे शहाणी!

अष्टमीला दर्शनाच्या रांगेत उभी होते. कळस दिसत होता आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. मागच्या बाईनं मला काखेत धरून सावलीत बसवलं. माझ्याच वयाची होती, हातात नारळाची पिशवी. एका दवाखान्यात नर्स आहे म्हणाली, सुट्टी काढून दर्शनाला आली होती. काय खाल्लं असं तिनं विचारलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की काही नाही, नुसती पुडी. तिचा चेहरा उतरला. कानाशी येऊन तिनं विचारलं, संडासला काळं होते का? लाज वाटली, पण खरं सांगितलं. ती म्हणाली, आत रक्त जात असेल, आत्ताच दवाखान्यात चल. मी हटूनच बसले. दर्शन घेतल्याशिवाय उठणार नाही, नवस बुडेल माझा.

तेव्हा ती रागावली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "जिले तू माय म्हणतेस, थे आपल्या लेकीले मारून राजी होईन काय वं?"

माझ्याही पोटी लेक होतीच की. मी मंदिराकडे पाहून हात जोडले आणि उठले. तिनंही रांग सोडली. तिचा नारळ तसाच पिशवीत राहिला. ऑटोत तिनं मला मांडीवर निजवून नेलं आणि घरची माणसं येईपर्यंत ती हलली नाही. मी तिचं नावही विचारलं नाही.

रिकाम्या पोटी घेतलेल्या पुड्यांनी पोटात जखम झाली होती. डॉक्टरांनी ती बरी केली, कंबर तपासून घेतली आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. मला वाटलं, आता गोळी नाही, सुई नाही, नुसत्या गप्पांनी कंबर बरी होते काय? ताईंनी मला कापूस वेचून दाखवायला लावलं. मग झोळी पोटाऐवजी दोन्ही खांद्यांवरून बांधायला सांगितली, अर्धी भरली की रिकामी करायची, तास संपला की उभं राहून पोटभर श्वास घ्यायचा. सकाळी जमिनीवर पडून थोडा व्यायाम, संध्याकाळी चालणं. त्या म्हणाल्या, जुनं दुखणं राखणीच्या कुत्र्यासारखं असतं, चोर गेला तरी भुंकत राहतं. त्याला हळूहळू समजवायचं.

पटायला वेळ लागला, पण भुंकणं कमी झालं खरं. मग मी ताईंना मनातलं विचारलं, बाळाला न्हाऊ कसं घालू? त्यांनी बसायची तऱ्हा शिकवली, पाठीला भिंत, बुडाखाली दुमडलेली गोधडी, आणि पाणी हाताशी द्यायला दुसरं माणूस. मी चांगलं जड कोहळं पायांवर घेऊन सराव केला. आमचे हे दारातून म्हणाले, "साबण नोको लावू वं, भाजी फेसाची होईन." हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंना आम्ही सगळं सांगितलं आणि त्यांनी लेकीला धाडलं.

बाळाला पहिल्यांदा मी न्हाऊ घातलं त्या दिवशी विहीणबाई आल्या होत्या. माझ्यावर नजर ठेवून बसल्या, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की पाणी जरा कढतच वाटते. मी मनात म्हटलं, जिंकले!

दुखणं मुळासकट गेलं नाही. मी जे मागितलं ते देवीनं दिलंच नाही, आणि मी तिची जन्मभर ऋणी आहे. तिच्या हवाली होणं म्हणजे तिला अटी घालणं नव्हे, तिनं धाडलेल्या माणसाचं ऐकून मुकाट्यानं उठणंही असतं, हे मला तिच्या दारातूनच परत फिरताना कळलं. बाळाच्या त्या पहिल्या न्हाणाच्या दिवशीही कंबर थोडी दुखतच होती. पण बाळ माझ्या पायांवर होतं, आणि न्हाऊन तिथंच झोपून गेलं.