पानाची खालची बाजू

गॅलरीतल्या रबराच्या झाडाची पानं चकाकावीत म्हणून मी ती दोन्ही बाजूंनी खोबरेल तेलानं पुसली. शाळेत विज्ञान शिकवणारी माझी लेक ओरडलीच, "आई, खालून कशाला चोपडलंस? झाड तिथूनच श्वास घेतं!" उन्हानं पाणी उडून जाऊ नये म्हणून बहुतेक छिद्रं खाली, सावलीत असतात, म्हणाली.

किती तोंडं दाबली मी, तीही मायेनं! घाईघाईनं तेल टिपू लागले. गुदमरणारं झाड ओरडत नाही, नुसतं चकाकत राहतं.

आत दम्यानं बेजार झालेले हे झोपले होते. वारा लागू नये म्हणून मघाशी मीच त्यांच्या नाकापर्यंत शाल ओढली होती. बराच वेळ खोकला ऐकू आला नव्हता.

तेलकट हातांनी तशीच आत धावले.