पहिल्या बाप्तिस्म्याचे नाव

सोलापूर स्टेशनावर उतरले तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. अक्कलकोटच्या वाटेवरील एका गावच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षे होत होती. तिचा इतिहास लिहून द्यावा, तो रविवारच्या उपासनेत वाचला जाईल, म्हणून पाळकसाहेबांनी मला पुण्याहून बोलावले होते. मी शाळेत इतिहास शिकवते. माझा अधिकार एवढाच.

वाटेत टांग्याचे चाक निखळले. पुढे काळ्या रानातून पायीच गेले. दोन्ही बाजूंना शाळू (रब्बीची ज्वारी) उभा होता.

मुक्काम गंगव्वाकडे होता. मंडळीतली ती सर्वांत म्हातारी. तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली, आणि पुण्याचे दात जरा जपून लावा म्हणून बजावले.

गावातला पहिला बाप्तिस्मा तिच्या नवऱ्याचा. ती त्याला ‘आमचं मानूस’ म्हणे. यल्लाप्पा हे नाव मला शेजारणीने सांगितले. दोन वर्षांनी भावकीने विहिरीचे पाणी तोडले, तेव्हा तो परत जुन्या धर्मात गेला. गंगव्वा मंडळीतच राहिली. पुढे तो पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत वारला. दरवर्षी इथे पहिल्या घरांची नावे वाचतात आणि त्या त्या घरची माणसे उठून उभी राहतात. सोडून गेलेल्या यल्लाप्पाचे नाव त्यांत नसे, म्हणून गंगव्वा आजवर बसूनच होती. यंदा नाव यावे, एवढेच तिचे मागणे.

पाळकसाहेब तयार झाले, पण एका अटीवर. विश्वास सोडला म्हणून देवाने त्याला पटकीने शासन केले, असे पुढे लिहायचे.

“इतिहासात देवाचा हात दिसला पाहिजे, बाई,” ते म्हणाले.

तो हात असतो, असे मीही मानते. त्या साथीत मंडळीतले कोणी गेले का, एवढेच मी विचारले. गंगव्वा उंबऱ्याशी बसली होती.

“तुमची आजी बी त्याच हप्त्यात गेली की, सायेब. तिला कशाची शिक्षा?”

मी शुभवर्तमानातला शिलोहाच्या बुरुजाचा भाग काढून दिला. बुरूज पडून मेलेले इतरांहून पापी नव्हते, हे प्रभूनेच सांगितले आहे. पाळकसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि अट सोडली.

मग मी गंगव्वाला स्पष्ट सांगितले, तो परत गेला हेही लिहावे लागेल आणि सगळ्यांसमोर वाचले जाईल.

“लिवा की. गेला म्हून लिवा. पन पयला आला हुता, ते बी लिवा.”

रविवारी पाळकसाहेबांनी स्वतः वाचले: पहिला बाप्तिस्मा यल्लाप्पाचा; दोन वर्षांनी तो मंडळी सोडून गेला; पुढे पटकीने वारला. मागे कुजबुज सुरू झाली. गंगव्वा उठली आणि कुजबुज थांबेपर्यंत उभी राहिली.

परतीच्या गाडीत मी कागद पुन्हा चाळले. माणूस आला, गेला, मेला, इतके मला लिहिता आले. देवाचा हात त्यात कुठे होता, ते सांगता आले नाही. देवाला सगळे ठाऊक आहे असे मानणाऱ्याने, आपल्याला ठाऊक नसलेले त्याच्या नावावर खपवू नये.