भिंतीवरचा लंगोट

वारज्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी आईचं ऑपरेशन उरकून साताऱ्याहून नुकतीच परतले होते. ओट्याशी उभी राहून आईच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहीत होते.

"ताई, आमचा संच कधी येणार? मला नववा भरत आलाय. सासूबाई रोज विचारतात."

"या आठवड्यात. बावधनच्या बाईंकडचा तुझ्यासाठी ठरलाय. आजच मागवते."

संच म्हणजे कापडी लंगोटांची पिशवी. टिचबटणांची कव्हरं, आत घालायच्या सुती घड्या आणि थोडे साधे त्रिकोणी लंगोट. आमची संस्था असे संच नव्या आयांना उसने द्यायची. बाळ मोठं झालं की पिशवी पुढच्या घरी जायची.

मी बावधनला फोन लावला.

"अहो, तो तर मी दिला की," बाई म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात. तुमचाच निरोप होता, 'संच परत'. पांढरी गाडी आली होती न्यायला. कूपनसुद्धा दिलं. सुधारलात हं तुम्ही!"

आमच्याकडे गाडी नव्हती. माझी स्कूटर होती, तिच्या पायापाशी एक पिशवी मावायची. कूपन तर आम्ही कधी पाहिलंही नव्हतं.

'संच परत' हा निरोप माझी कल्पना. सुरुवातीला एक पिशवी परत मिळवायला फार बोलावं लागायचं. पाहुणे आलेत, ऊन नाही, बाळाला सर्दी आहे. मग मी नियम केला: संस्थेच्या फोनवरून हे दोन शब्द आले की संच धुवायचा, कडकडीत उन्हात वाळवायचा, मोजून पिशवीत भरायचा आणि दाराशी ठेवायचा. प्रश्न विचारायचे नाहीत. बायका हसायच्या, "मॅडम मिलिटरीतल्या," म्हणायच्या, पण नियम पाळायच्या. साताऱ्याला जाताना संस्थेचा फोन मी माझ्या मैत्रिणीकडे दिला होता.

ती मैत्रीण मला मुलांच्या डॉक्टरांकडे भेटली. आम्ही दोघी लसीसाठी बसलो होतो. तिचं पहिलं बाळ, माझं दुसरं. माझी थोरली तेव्हा दहावीत होती. काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "आजी, बाळाची आई कुठाय?" मी उत्तर देण्याआधी शेजारून आवाज आला, "आई हीच. आजीच्या रांगेत तिचा नंबर अजून लागायचाय!" अख्खी खोली हसली. तिथून आम्ही एकत्र रिक्षाने घरी आलो.

दोघींच्याही बाळांना विकतच्या डायपरने पुरळ यायचं. दोघींच्याही सोसायटीत त्या डायपरांची गाठोडी कचऱ्यात पडायची आणि ती कुणीतरी हाताने उचलायचं. आम्ही जुन्या मलमलच्या साड्या फाडून लंगोट शिवले. मी मापं काढायची, ती मशीन चालवायची. मग शेजारणीला दिले, मग तिच्या बहिणीला. आणखी काही आईबाप येऊन मिळाले. शनिवारी दुपारी मुलं सतरंजीवर सोडून आम्ही घड्या शिवायचो. एक बाबा टिचबटणं ठोकण्यात इतके पटाईत झाले की त्यांच्या बायकोने त्यांच्यासाठी वेगळी हातोडी आणली.

लोकांचे टोमणे ऐकायचा वाटा मैत्रिणीचा, कारण तिला उत्तरं सुचायची. एका सोसायटीच्या सभेत एक काका उभे राहिले. "खडकवासल्यात पाण्याची बोंब, गुरुवारी पाणी बंद, आणि तुम्ही लंगोट धुवा म्हणताय?"

"काका, आपण गाडी रोज पाइपने धुता. एक दिवस आड धुवा, आमच्या दोन बाळांची सोय होईल."

काका बसले. त्यांची सून नंतर जिन्यात येऊन नाव नोंदवून गेली.

पण खरी अडचण काका नव्हते, सासवा होत्या. त्यांना वापरलेलं कापड चालेल का, ही मला धास्ती होती. झालं उलटंच. आपल्याकडे बाळाला अंगावर पहिलं कापड नवं घालत नाहीत. धडधाकट वाढलेल्या लेकराचं जुनं, मऊ झालेलं मागून आणतात. विकतच्या कापडी डायपरला नाक मुरडणाऱ्या सासवा आमची उसनी पिशवी मात्र दोन्ही हातांनी घ्यायच्या. "कुणाच्या अंगचं आहे?" एवढंच विचारायच्या. त्या एका प्रश्नावर आमची संस्था उभी राहिली.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून टाका आला. संच परत करताना आईने एका लंगोटाच्या कडेला आपल्या आवडीच्या रंगाचा एक टाका घालायचा. माझा हेतू व्यवहारी होता. टाके बघितले की कापड किती बाळांनी वापरलंय ते कळतं, कधी बाद करायचं ते ठरवता येतं. बाकीच्यांनी त्यात जीव गुंतवला. बायका रेशमाच्या लडी घेऊन यायला लागल्या. पहिल्या संचातल्या पहिल्या लंगोटावर दोनच टाके होते, माझा मोहरीच्या रंगाचा आणि तिचा मोरपंखी. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली त्या दिवशी तो संच तिने घरी नेला. "हा फिरवायचा नाही," म्हणाली. "हा आपला."

बावधननंतर मी कोथरूडला फोन केला, मग औंधला, मग हडपसरला. सगळीकडे तेच. निरोप आला, आम्ही दिला, माणूस फार नम्र होता. कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं नाही, असा नियमच होता.

मैत्रिणीला फोन केला. तिने उचलला नाही. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू', एवढा निरोप आला. संस्थेच्या मंडळातल्या एकीला विचारलं, ती गडबडली. "अगं, आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. ती म्हणाली, तुझ्या आईचं चाललंय, तुला उगाच त्रास नको. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं."

"कशाला हो म्हटलं?"

"कंपनीला. कापडी डायपरचीच कंपनी आहे गं, आपल्याच विचारांची. जुने द्या, नवे सवलतीत घ्या. ती आता तिथेच लागलीय ना, लोकसंपर्काला."

माझा नवरा हे सगळं ऐकत होता. "आधी जेव," तो म्हणाला, "मग भांड." मी जेवले नाही. बावधनच्या बाईंनी कूपनचा फोटो पाठवला होता, त्यावर हडपसरपुढच्या मांजरी गावातला पत्ता होता. वारज्याच्या मुलीला एक संच हवा होता. निदान एक तरी परत आणायचा, एवढं ठरवून मी स्कूटर काढली.

मांजरीला ऊस संपून इमारती सुरू होतात तिथे ते गोदाम होतं. आतल्या माणसाने मला गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली.

"मॅडम, एक्स्चेंजचा माल बघायचाय? तो काय बघायचा! तो चिंध्यांत जातो."

कोपऱ्यात गठ्ठे बांधून ठेवले होते. मी वरचा लंगोट ओढला. तो मधोमध कापलेला होता. दुसरा ओढला, तोही. कात्रीने सरळ, नीट कापलेले. कडेचे टाके मात्र शाबूत. लाल, पोपटी, जांभळा. त्यातले काही मला पाठ होते.

"कापले कशाला?" मी विचारलं.

"कापायलाच लागतात. नाहीतर फिरून वापरात येतात ना. मॅडम, उसने फुकट मिळत राहिले तर नवे कोण घेणार? त्या उसने देणाऱ्या संस्थेच्या मॅडमनीच समजावून सांगितलं साहेबांना. पुण्यात म्हणे एकेक पिशवी घरोघर फिरते. आधी त्या पिशव्या उचला, मग दुकान टाका."

तो हे अगदी मोकळेपणाने सांगत होता. त्याला माझ्याशी काही वैर नव्हतं.

मी गठ्ठे उलगडून शोधत बसले. एकही संच धड नव्हता. शोधता शोधता लक्षात आलं की मोहरीचा आणि मोरपंखी टाका कुठेच नाही. ती पहिला संच विसरलेली नव्हती. तो तिने दिला नव्हता.

मांजरीहून मी थेट तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. "तू येशील वाटलंच होतं," म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

"चहा नको. मी गोदामातून आलेय."

ती थांबली. "कापतील हे मला माहीत नव्हतं."

"पिशव्या उचलतील, हे माहीत होतं?"

"ते माहीत होतं." ती समोर बसली. "हे बघ, आपण कुठवर पिशव्या वाहणार होतो? तुझ्या स्कूटरवरून? लोकांना नवं हवंय. कापडच आहे ना तेही! कचरा कमी होतोय ना? मग आपलं काय गेलं?"

"मला का विचारलं नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

याहून खरं ती त्या दिवशी काही बोलली नाही. मी म्हटलं, "वारज्याची मुलगी. दिवस भरत आलेत. तिच्या घरी पहिलं कापड जुनंच लागतं. शहरात धड उरलेला एकच संच आता तुझ्या कपाटात आहे. तो दे."

ती आत गेली. मग पिशवी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक कमी आहे."

"कुठला?"

"तो कंपनीच्या नव्या दुकानात फ्रेम करून लावलाय. आपली गोष्ट म्हणून. खाली लिहिलंय, 'आईकडून आईला'." आणि लगेच म्हणाली, "तुझाही टाका आहे त्याच्यावर. तुझा मान राहावा म्हणूनच."

मी पिशवी घेतली आणि निघाले.

घरी पिशवी उघडली आणि फुलांचा वास आला. लॅव्हेंडर किंवा असलंच काहीतरी. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव. त्याने कापडावर पापुद्रा बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. लंगोटाच्या बाबतीत हा पहिला धडा. तो प्रत्येक आईला माझी मैत्रीणच शिकवायची, पेल्यातलं पाणी कापडावर ओतून, घसरून जाणारा थेंब दाखवून. मी नळाखाली एक घडी धरली. थेंब कडेला जाऊन खाली पडला.

मग मी ते लंगोट उकळत्या पाण्यातून काढले, नुसत्या पाण्यात खळबळले, पुन्हा उकळले. वास जाईपर्यंत. नवरा येऊन भांड्यात डोकावला. "तिच्यावरचा राग त्यांच्यावर काढतेयस," म्हणाला. मी म्हटलं, "राग नाही, कंडिशनर काढतेय." मग गच्चीत उन्हात घातले. वाळल्यावर पुन्हा पाण्याचा थेंब टाकून पाहिला. तो आत गेला.

वारज्याला मी पोचले तेव्हा सुनेला दवाखान्यात न्यायची तयारी चालली होती. तिचं माहेर लांब, म्हणून बाळंतपण इथेच ठरलं होतं. सासूबाईंनी पिशवी घेतली, एकेक लंगोट उलगडला, गालाला लावून पाहिला.

"कुनाच्या अंगचं हाय?"

"माझ्या धाकटीच्या. आणि आमच्यातल्या दुसऱ्या एका ताईंच्या मुलाच्या."

"पोरं बरी हायती ना?"

"अगदी बरी."

"मग झालं," म्हणत त्यांनी पिशवी दवाखान्याच्या सामानात सगळ्यात वर ठेवली. दारामागच्या खुंटीवर त्या कंपनीचं कूपन अडकवलेलं होतं. मी बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "कंपनीचं मानूस येऊन दिऊन गेलं. आमच्यात बाळाला नवं फडकं लावत न्हाईत. ऱ्हाऊ द्या म्हनलं तितंच."

सून खुर्चीवर बसून लंगोटांच्या कडा चाचपत होती. "ताई, यात तुमचा टाका कुठाय?"

"तो लंगोट भिंतीवर लावलाय."

"भिंतीवर?"

"दुकानाच्या. फ्रेम करून."

तिला ते कौतुकाचं वाटलं. "भारीच की!" म्हणाली. मी विषय बदलला आणि नेहमीच्या सूचना सुरू केल्या. आधी गार पाण्यात खंगाळायचं, साबण कमी, ऊन भरपूर, आणि कापड मऊ करायचं ते द्रव–

"ते अजिबात नाही," तिने माझं वाक्य पूर्ण केलं. "थेंब टाकून बघायचं. पाठ आहे मला. ग्रुपवर व्हिडिओ आहे ना, त्या दुसऱ्या ताईंचा. रोज बघते. किती छान समजावतात हो त्या!"

"हो," मी म्हटलं. "छान समजावते ती."

खाली रिक्षा आली होती. मी पिशवी उचलून पुढे झाले.